कोडियक्करैचा किनारा आणि एमजीआर

१ मे १९९१ रोजी तामिळनाडूतील कोडियक्करै येथे जाफन्याहून आलेली एक होडी किनाऱ्याला लागली आणि तिच्यातून नऊ जण उतरले. तीन आठवड्यांनी, २१ मे रोजी, श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. कोडियक्करै हे गाव त्या वेळी तंजावर जिल्ह्यात मोडत होते. नागपट्टिनम हा स्वतंत्र जिल्हा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अस्तित्वात आला. हत्येचा तपास पुढे बारकाईने झाला, खटला चालला, शिक्षा झाल्या. परंतु परदेशातून शस्त्रसज्ज होऊन येणाऱ्या माणसांना भारताचा हा किनारा परका का वाटला नाही, या प्रश्नाचे उत्तर खटल्याच्या कागदांत पुरतेपणी सापडत नाही. त्यासाठी आणखी दहा वर्षे मागे जावे लागते आणि २४ डिसेंबर १९८७ रोजी दिवंगत झालेल्या एका मुख्यमंत्र्याचे चरित्र चाळावे लागते.

मारुदूर गोपालन रामचंद्रन, म्हणजे तामिळनाडूचे एमजीआर, यांचा जन्म १७ जानेवारी १९१७ रोजी सिलोनमध्ये, कँडीजवळच्या नावलपिटिया या चहामळ्यांच्या मुलखातील गावी झाला. कुटुंब मूळचे पालक्काडकडचे, मल्याळी. वडील गोपाल मेनन लवकर वारले. आई सत्यभामा चक्रपाणी आणि रामचंद्रन या दोन मुलांना घेऊन समुद्र ओलांडून आल्या आणि तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे राहू लागल्या. दोन्ही किनाऱ्यांवर तेव्हा एकाच साम्राज्याचा अंमल होता. निर्वासित, घुसखोर, नागरिक हे शब्द त्या विधवेच्या वाट्याला आले नाहीत.

मराठी वाचकाला कुंभकोणम ठाऊक असते ते बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचे जन्मगाव म्हणून. तंजावरच्या भोसल्यांच्या कारभारामुळे कावेरीकाठी स्थिरावलेल्या देशस्थ घराण्यांचे हे गाव. रामचंद्रनला मात्र त्या गावाचे दुसरेच रूप दिसले. आई चार घरची कामे करी आणि मुले अनेकदा उपाशी झोपत. आनैयडी शाळेत जेमतेम दोन-तीन इयत्ता झाल्या आणि वयाच्या सातव्या वर्षाच्या आसपास दोघेही भाऊ ‘मदुराई ओरिजिनल बॉइज कंपनी’ या नाटक मंडळीत दाखल झाले. आपल्याकडील नाटक मंडळ्यांत जशी गरिबांची मुले दोन वेळच्या जेवणाच्या हमीवर कंपनीत ठेवली जात, तसाच तो प्रकार होता. १ जुलै १९८२ रोजी या माणसाने राज्यभर मुलांसाठी माध्यान्ह भोजनाची योजना सुरू केली तेव्हा मद्रासच्या सचिवालयातील अर्थखात्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. ही योजना नंतर देशाने उचलली. तिचा उगम कुंभकोणमच्या त्या उपाशी दिवसांत होता, हे स्वतः एमजीआर यांनी कधी लपवले नाही.

चित्रपटात त्यांचा प्रवेश १९३६ साली ‘सती लीलावती’मधून झाला. नायक व्हायला १९४७ साल आणि ‘राजकुमारी’ हा चित्रपट उजाडावा लागला. या मधल्या काळातील एक हकिगत मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. अण्णादुराई यांनी छत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वादावर ‘शिवाजी कंड हिंदू राज्यम्’ हे नाटक लिहिले, तेव्हा शिवाजीच्या भूमिकेसाठी आधी एमजीआर यांचे नाव पुढे आले होते. ते जमले नाही. भूमिका तंजावरकडच्या व्ही. सी. गणेशन या तरुणाकडे गेली आणि पेरियार यांनी त्याला शिवाजी हे नाव बहाल केले. शिवाजी गणेशन अभिनेता म्हणून थोर ठरले. राजकारणात मात्र १९८९ साली तंजावरजवळच्या तिरुवैयारू मतदारसंघातही त्यांना विजय मिळाला नाही. एमजीआर यांचे नेमके उलट झाले. अभिनयाची उंची बेताची, पण पडद्यावरचा माणूस आणि पडद्याबाहेरचा माणूस यांतील रेषा त्यांनी हिशेबीपणे पुसून टाकली. पडद्यावर त्यांनी दारू प्यायली नाही, विडी ओढली नाही, आईचा शब्द मोडला नाही. १९५३ साली ते द्रविड मुन्नेत्र कळघमचे सभासद झाले. जानेवारी १९६७ मध्ये सहकलाकार एम. आर. राधा यांनी झाडलेली गोळी त्यांच्या मानेत शिरली, आवाज कायमचा बिघडला आणि त्याच निवडणुकीत रुग्णशय्येवरच्या छायाचित्राच्या बळावर ते आमदार झाले. ऑक्टोबर १९७२ मध्ये पक्षाचा हिशेब मागितला म्हणून करुणानिधी यांनी त्यांची हकालपट्टी केली. त्यांनी अण्णा द्रमुक काढला आणि ३० जून १९७७ रोजी ते मुख्यमंत्री झाले.

इथपर्यंतची कथा सर्वांना माहीत असते. श्रीलंकेतील तामिळ चळवळीशी त्यांचा जो संबंध आला, तो समजण्यासाठी मात्र तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

द्रमुकने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी १९६३ साली सोडून दिली. फुटीरतेला प्रतिबंध करणारी सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि अण्णादुराई यांनी व्यवहार ओळखून पाऊल मागे घेतले. स्वप्न मात्र कायद्याने पुसले जात नाही. १४ मे १९७६ रोजी जाफन्याजवळ वट्टुकोट्टै येथे तेथील तामिळ पक्षांनी स्वतंत्र ईलमचा ठराव केला, तेव्हा मद्रासमधील अनेकांना आपण आवरून ठेवलेली भाषा पलीकडच्या किनाऱ्यावरून ऐकू आली. त्या भाषेला टाळी देण्यात घटनेचा भंग नव्हता आणि पदरचे काही जातही नव्हते. दुसरे असे की, एमजीआर जन्माने तामिळ नव्हते. विरोधक त्यांना मल्याळी म्हणून हिणवीत. करुणानिधी हे तंजावर जिल्ह्यातल्याच तिरुक्कुवळैचे, १९६२ साली खुद्द तंजावरमधून निवडून आलेले, तामिळ भाषेवर हुकमत असलेले. त्यांच्यासमोर एमजीआर यांना आपले तामिळपण वारंवार सिद्ध करावे लागे. आणि तिसरी गोष्ट दिल्लीची.

१९७९ साली तंजावर लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक आली. लोकसभेतून निष्कासित झालेल्या इंदिरा गांधी सुरक्षित जागेच्या शोधात होत्या. एमजीआर यांनी आधी पाठिंब्याची तयारी दाखवली, मग पंतप्रधान मोरारजी देसाई यांची नाराजी पाहून हात आखडता घेतला. इंदिराजी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी हा अपमान मनात ठेवला. पुढल्या जानेवारीत त्यांनी करुणानिधींशी युती करून राज्यातील ३९ पैकी ३७ जागा जिंकल्या आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी एमजीआर यांचे सरकार बरखास्त केले. त्याच दिवशी बरखास्त झालेल्या नऊ राज्य सरकारांत महाराष्ट्रातील शरद पवार यांचे पुलोद सरकारही होते. पवार यांना पुन्हा मुख्यमंत्री व्हायला आठ वर्षे लागली. एमजीआर चार महिन्यांत परतले, पण धडा पक्का झाला. दिल्लीशी उघड वैर करायचे नाही, आणि तामिळ अस्मितेचा मक्ता करुणानिधींच्या एकट्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही. त्यांच्या पुढच्या सात वर्षांतील ईलमविषयक धोरणाची सगळी वळणे या दोन सूत्रांवरून उलगडतात.

जानेवारी १९८१ मध्ये मदुराईला जागतिक तामिळ परिषद भरली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तंजावरला तामिळ विद्यापीठ स्थापन झाले. (या विद्यापीठाने पुढे तंजावरच्या मराठी राजवटीतील मोडी कागदांचे तामिळ अनुवाद प्रसिद्ध केले, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवे, आपल्या विद्यापीठांना ते काम सुचले नव्हते.) या दोन घटनांच्या मध्ये, मे-जूनच्या संधीवर, जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि हस्तलिखिते राख झाली. ज्या समाजाने नुकताच आपल्या भाषेचा उत्सव केला होता, त्याला ही आग आपल्याच घरात लागल्यासारखी वाटली असल्यास नवल नाही.

१९ मे १९८२ रोजी मद्रासच्या पाँडी बाजारात भर वस्तीत गोळीबार झाला. एका बाजूला वेलुपिळ्ळै प्रभाकरन, दुसऱ्या बाजूला त्यांचे एके काळचे सहकारी उमा महेश्वरन. दोघेही पकडले गेले. कोलंबोने त्यांना ताब्यात मागितले. त्या क्षणी तामिळनाडूपुढे सरळ कायद्याचा प्रश्न होता. परदेशातील गुन्ह्यांसाठी हवे असलेले सशस्त्र तरुण राजधानीच्या रस्त्यावर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. पण नेडुमारन यांनी बोलावलेल्या सर्वपक्षीय बैठकीने त्यांना परत पाठवू नये अशी मागणी केली, सरकारनेही तीच भूमिका घेतली आणि दोघांना जामीन मिळाला. प्रभाकरन यांना मदुराईत राहण्याची अट होती. तेथून ते निसटले. मानवतेच्या दृष्टीने प्रत्यार्पण नाकारणे समर्थनीय होते, कारण श्रीलंकेच्या तुरुंगांत तामिळ कैद्यांचे काय होते हे पुढच्याच वर्षी जगाला दिसले. परंतु प्रत्यार्पण नाकारणे वेगळे आणि खटलाच न चालवणे वेगळे. या दोहोंतील फरक मद्रासने पुसला, तो कायमचा.

जुलै १९८३ मध्ये जाफन्यात तेरा सैनिक मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून कोलंबोत तामिळांची कत्तल झाली. वेलिकडे तुरुंगात कैदी मारले गेले. निर्वासितांच्या होड्या रामेश्वरमला लागू लागल्या. काही वर्षांत ही संख्या लाखावर गेली. तामिळनाडू बंद झाला. करुणानिधी आणि अनबळगन यांनी विधानसभेचे राजीनामे दिले. इंदिरा गांधींच्या सरकारने एका हाताने मध्यस्थी सुरू केली आणि दुसऱ्या हाताने, गुप्तचर यंत्रणेमार्फत, ईलमवादी संघटनांच्या तरुणांना शस्त्रप्रशिक्षण द्यायला प्रारंभ केला. काही छावण्या आजच्या उत्तराखंडच्या डोंगरात होत्या, बाकीच्या तामिळनाडूत. अधिकृतपणे यांपैकी काहीच अस्तित्वात नव्हते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार चार वर्षे चालला. म्हणूनच सगळा दोष एमजीआर यांच्या माथी मारणारे विवेचन दिल्लीला सोयीचे असले तरी खरे नाही.

त्यांच्या वाट्याचा दोष मात्र त्यांचाच आहे. १९८४ च्या वसंतात त्यांनी सर्व संघटनांच्या नेत्यांना भेटीला बोलावले. करुणानिधींनी आदल्या दिवसाचे आमंत्रण धाडले. टेलो, ईपीआरएलएफ, इरॉस यांचे नेते करुणानिधींकडे गेले; लिट्टेचे लोक गेले नाहीत, ते थेट एमजीआर यांच्याकडे आले. त्या एका निवडीने पुढचे बरेच काही ठरले. अँटन बालसिंगम यांनी नंतर प्रसिद्ध केलेल्या आठवणींनुसार पहिल्याच वेळी दोन कोटी रुपये रोख मिळाले आणि पुढे आणखी चार कोटी. मद्रास बंदरात अडकलेला शस्त्रांचा कंटेनर सोडवण्यासाठीही मुख्यमंत्र्यांची मदत झाली. ज्यांनी सीमाशुल्क किंवा गृहखात्यात नोकरी केली आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. राज्याचा प्रमुख, राज्याच्याच बंदरातून, एका परकी सशस्त्र संघटनेचा माल सोडवतो, आणि कोणत्याही फायलीवर त्याची टिप्पणी नसते.

लिट्टेच का, याचे उत्तर केवळ करुणानिधींच्या द्वेषात नाही. प्रभाकरन यांनी आपल्या माणसांना दारू आणि धूम्रपान वर्ज्य केले होते, शिस्त कडक होती, नेता मितभाषी होता. आपण पडद्यावर रंगवलेला निर्व्यसनी, निर्भय तरुण एमजीआर यांना प्रत्यक्ष समोर उभा असलेला दिसला असावा. निपुत्रिक एमजीआर यांना या तरुणाविषयी वडीलकीची माया वाटू लागली, असे त्यांच्या जवळचे लोक सांगत. माया खरी असेल. पण राज्यकर्त्याची माया शासनाच्या तिजोरीतून आणि पोलिसांच्या डोळेझाकीतून व्यक्त होऊ लागली की तिला वेगळे नाव द्यावे लागते.

संघटनेच्या ध्वजावरचा वाघ चोळांचा. तंजावरच्या राजराजाने अनुराधपुरापर्यंत मुलूख जिंकला होता, ही स्मृती त्या चिन्हामागे होती. १९८४ साली राजराजाच्या सहस्राब्दीच्या सोहळ्याला इंदिरा गांधी आणि एमजीआर दोघेही तंजावरला गेले होते. ऑक्टोबरच्या प्रारंभी एमजीआर यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि ३१ तारखेला इंदिराजींची हत्या झाली. बृहदीश्वराच्या मुख्य दारातून जाणाऱ्या सत्ताधीशाचे भले होत नाही, ही समजूत तेव्हापासून अधिक पक्की झाली. अशा समजुतींना राजकारणी किती भितात हे दिल्लीतल्या वाचकांना सांगायला नको.

छावण्यांचे प्रत्यक्ष रूप काय होते, हे पाहायचे तर तंजावरच्या दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरवरील ओरत्तनाडूला जावे. हे गाव मराठी माणसाच्या ओळखीचे असायला हवे. सर्फोजी राजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ इथे १८०२ च्या सुमारास भव्य छत्र बांधले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना अन्न, मुलांना शाळा, आजाऱ्यांना औषध, अशी ती धर्मादाय संस्था होती. पाहुण्याला जात-गाव न विचारता जेवू घालणाऱ्या या परिसरात १९८० च्या दशकात उमा महेश्वरन यांच्या प्लॉट संघटनेने आपल्या छावण्या थाटल्या. समुद्र ओलांडून आलेली शेकडो पोरे येथे पुरेशा शस्त्रांवाचून महिनोन्महिने कवायत करत राहिली. प्रश्न विचारणाऱ्यांना हेर ठरवून त्यांचा छळ झाला, काहींना मारून पुरले गेले. पळून सुटलेल्यांपैकी एकाने १९८५ साली टोपणनावाने कादंबरी लिहिली, तेव्हा हे बाहेर आले. तंजावर जिल्ह्यात मारली गेलेली ही माणसे भारतीय दंडविधानाच्या कक्षेत होती. ठाणे जवळ होते. पण पोलिसांनी त्या कुंपणाआड पाहू नये, असा अलिखित हुकूम होता. मित्रसंघटनेला पोसण्याची किंमत पहिल्यांदा चुकवली ती तिच्याच पोरांनी.

किनाऱ्यावरची गोष्ट निराळी. वेदारण्यम हे १९३० साली राजाजींनी मिठाचा सत्याग्रह केलेले गाव. त्याच्या पुढे कोडियक्करै. पलीकडे, काही तासांच्या अंतरावर, प्रभाकरन यांचे वल्वेट्टितुरै. या दोन गावांत पिढ्यान् पिढ्या कापड, मसाले, सोने यांची कायदेशीर आणि बेकायदा ने-आण होती. लिट्टेने ही जुनी नाती वापरली. इंजिन लावलेल्या होड्या, डिझेलचे साठे, जखमींची ने-आण, बिनतारी संदेश, असे जाळे त्या वाळूत उभे राहिले. सीमाशुल्काचा शिपाई त्यांना अडवत नसे. अडवले तर मद्रासहून फोन येई असा समज पसरला होता. एकदा असा समज पसरला की प्रत्यक्ष फोन येण्याची गरज उरत नाही.

फेब्रुवारी १९८५ मध्ये एमजीआर अमेरिकेतील उपचारांनंतर परतले, निवडणूक तिथूनच जिंकून. बोलणे अस्पष्ट झाले होते. कारभार मोजक्या अधिकाऱ्यांच्या आधाराने चाले. याच काळात पाहुण्यांनी घरात धुमाकूळ घालायला सुरुवात केली. २ ऑगस्ट १९८४ रोजी मीनंबक्कम विमानतळावर तामिळ ईलम आर्मीने कोलंबोसाठी ठेवलेल्या बाँबचा स्फोट होऊन सुमारे तीस माणसे मेली होती. मे १९८६ मध्ये लिट्टेने जाफन्यात टेलोचा नायनाट केला, तिचे नेते श्री सबारत्नम यांना ठार मारले. त्याच सुमारास मदुराईला करुणानिधी अटलबिहारी वाजपेयींसह देशभरच्या विरोधी नेत्यांना जमवून ईलमसाठी परिषद भरवत होते. १ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, मद्रासच्या चूळैमेडू भागात ईपीआरएलएफच्या माणसांनी गोळीबार केला आणि एक स्थानिक तरुण मेला. लोक संतापले. आठवड्याभरात, ८ नोव्हेंबरला, पोलिसांनी राज्यभर एकाच वेळी छापे घालून सर्व संघटनांची शस्त्रे उतरवली. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख के. मोहनदास यांनी आखलेली ही कारवाई काही तासांत, जवळपास रक्त न सांडता पार पडली. याचा अर्थ उघड होता. हे करणे राज्याला कोणत्याही दिवशी शक्य होते, इच्छा नव्हती.

बंगळुरूची सार्क परिषद तोंडावर होती आणि दिल्लीला जयवर्धने यांच्यापुढे स्वच्छ हात दाखवायचे होते. प्रभाकरन यांना बंगळुरूला नेण्यात आले, बोलणी फिसकटली. नंतर पोलिसांनी त्यांची बिनतारी यंत्रे जप्त केली, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभले आणि मुख्यमंत्र्यांनी यंत्रे परत करायला लावली. ज्या अधिकाऱ्यांनी हुकूम पाळला ते तोंडघशी पडले. मोहनदास यांनी पुढे एमजीआर यांच्यावर पुस्तक लिहिले; त्यात कडवटपणा आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. जानेवारी १९८७ मध्ये प्रभाकरन तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून निघून जाफन्याला गेले.

२९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार झाला तेव्हा प्रभाकरन दिल्लीच्या अशोक हॉटेलात जवळजवळ स्थानबद्ध होते. एमजीआर यांना दिल्लीला बोलावून घेतले गेले. प्रकृती ढासळलेली असताना त्यांना अमेरिकेला जायचे होते, तरी २ ऑगस्टला मरिना किनाऱ्यावर राजीव गांधींच्या शेजारी ते उभे राहिले आणि कराराला आपली पुण्याई दिली. दोन सूत्रांपैकी पहिले सूत्र त्यांनी शेवटपर्यंत पाळले. ऑक्टोबरात शांतिसेना आणि लिट्टे यांच्यात युद्ध जुंपले. भारताच्या संमतीने शिकवलेल्या, मद्रासच्या पैशाने सज्ज झालेल्या माणसांवर भारतीय जवान चाल करून गेले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफन्याच्या परिसरात आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेले, माटुंग्याच्या एसआयईएसमध्ये शिकलेले तामिळ अधिकारी, महार रेजिमेंटचा बिल्ला, मरणोत्तर परमवीर चक्र. या सगळ्या प्रकरणाची गुंतागुंत त्या एका नावात सामावली आहे. त्यानंतर महिन्याभराने एमजीआर गेले. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तोवर अकराशेहून अधिक जवान कामी आले होते.

एमजीआर यांना या साऱ्याची जाण होती का? असावी, असे मानायला जागा आहे. नोव्हेंबर १९८६ ची कारवाई त्यांच्या संमतीवाचून झाली असती हे संभवत नाही, आणि यंत्रे परत देण्याचा निर्णयही त्यांचाच. एकाच महिन्यात हे दोन्ही करणारा माणूस भोळा नसतो. तो दोन दरडींवर पाय ठेवून उभा असतो. कुंभकोणमच्या पोरक्या मुलाला निराश्रितांचा कळवळा होता, आणि निर्वासितांच्या छावण्यांत शिधा, शाळा, दवाखाना पोहोचवण्यात त्यांच्या शासनाने जी तत्परता दाखवली ती खरोखर अनुकरणीय होती. त्यांची चूक निर्वासित आणि बंदूकधारी यांत भेद न करण्याची. ती सरकारी धोरण म्हणून झाली असती तर विधानसभेत तिच्यावर चर्चा झाली असती, नंतरच्या मुख्यमंत्र्याला ती बदलता आली असती. ती घरगुती व्यवहार म्हणून झाली, त्यामुळे त्यांच्यामागे कोणालाच तिचा ताबा घेता आला नाही आणि तिच्यातून अंग काढूनही घेता आले नाही.

१९ जून १९९० रोजी मद्रासच्या कोडंबाक्कम भागात ईपीआरएलएफचे पद्मनाभा आणि त्यांचे सहकारी लिट्टेने मारले. मारेकरी तंजावरच्या किनाऱ्याकडे पसार झाले. करुणानिधी तेव्हा मुख्यमंत्री होते, आणि जानेवारी १९९१ मध्ये त्यांचे सरकार लिट्टेला मोकळीक दिल्याच्या आरोपावरून बरखास्त झाले. ज्या संघटनेला त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने वाढवले, तिच्यापायी करुणानिधींची सत्ता गेली, हा काव्यगत न्याय म्हणावा की अन्याय हे ज्याने त्याने ठरवावे. मग कोडियक्करै, श्रीपेरुंबुदूर आणि मे १९९२ मधली बंदी. तेव्हा केंद्रात गृहमंत्री शंकरराव चव्हाण होते. ती बंदी वेळोवेळी वाढवली गेली. मे २०२४ मध्ये आणखी पाच वर्षांसाठी.

एमजीआर यांच्या राजकीय वारस जयललिता यांनी नेमकी विरुद्ध दिशा धरली. जानेवारी १९९५ मध्ये तंजावरला आठवी जागतिक तामिळ परिषद भरली, तेव्हा श्रीलंकेहून आलेल्या प्रा. कार्तिगेसु शिवत्तंबी यांच्यासारख्या विद्वानांनाही परत धाडण्यात आले. बंदूकधाऱ्यांसाठी उघडे असलेले दार आता अभ्यासकांसाठीही बंद झाले. मे २००९ मध्ये मुळ्ळिवायक्कालला प्रभाकरन आणि त्यांची संघटना संपली. त्या स्मृतीसाठी नेडुमारन यांनी तंजावरजवळ विळार येथे स्मारक उभारले. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि काही दिवसांतच प्रशासनाने त्याची कुंपणभिंत पाडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच तंजावरमध्ये पत्रकार परिषद घेऊन नेडुमारन यांनी प्रभाकरन जिवंत असल्याचा दावा केला. कोलंबोने तो फेटाळला, तामिळनाडूने फारसा मनावर घेतला नाही.

उरले ते निर्वासित. तामिळनाडूतील शंभराहून अधिक छावण्यांत आजही पन्नास हजारांपेक्षा जास्त श्रीलंकन तामिळ राहतात. त्यांतील अनेकांचा जन्म इथलाच, शिक्षण इथलेच. काही मूळचे नावलपिटियासारख्या चहामळ्यांच्या मुलखातले, म्हणजे १९४८ साली सिलोनने नागरिकत्व नाकारलेल्या आणि १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारात वाटून घेतलेल्या भारतीय मजुरांचे वंशज. २०२१ साली स्टॅलिन सरकारने या छावण्यांचे नाव बदलून पुनर्वसन शिबिरे असे केले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान यांची नावे आहेत, श्रीलंकेचे नाही.